मुठीएवढी ढील

माझी वहिनी कामाला बसली की आधी काहीच करत नाही. स्क्रूड्रायव्हरला हात नाही, मीटर पिशवीतच, दोन्ही हात ॲप्रनच्या खिशात. घडीचं स्टूल उघडून मशीनच्या पाठीमागे बसते, पाय हलवते, खिशातले शेंगदाणे खाते आणि गुणगुणते. गिऱ्हाईक समोर घामाघूम होऊन उभं, आणि बाईसाहेब बागेत आल्यासारख्या निवांत! पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा माझं पित्त खवळलं होतं. आज इतकी वर्षं झाली, तरी खवळतं. पण आता मी तोंड बंद ठेवते, कारण ती स्टुलावरून उठते तेव्हा दोष कुठे आहे ते तिला कळलेलं असतं. हे कबूल करायला किती जड जातं, ते कुठल्याही नणंदेला विचारा.

आमचं सर्व्हर दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. सर्व्हर म्हणजे मोठ्या कचेऱ्यांमधले ते चपटे, जड कॉम्प्युटर. उंच रॅकमध्ये एकावर एक बसवतात आणि ते कधी बंद पडू नयेत अशी सगळ्यांची अपेक्षा असते. पडले की आमची आठवण होते. दादा सुटे भाग बदलतो. मी गिऱ्हाइकांशी बोलते, म्हणजे बहुतेक वेळा भांडते, म्हणून घरात माझं नाव 'वकील'. आणि विजेची भानगड असली, मशीन मधेच मान टाकत असलं, आपोआप बंद-चालू होत असलं, तर ते वहिनीकडे. तिला स्वतःच्या हुशारीची पुरेपूर कल्पना आहे. "मी नसते तर तुमच्या दुकानाला कधीच टाळं लागलं असतं," असं ती मीठ मागावं इतक्या सहज म्हणते.

वर्कशॉप काढलं बाबांनी. त्याआधी उमेदीची सगळी वर्षं ते टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. तिथे तारांचे जाडजूड जुडगे मेणाच्या दोऱ्याने बांधायची पद्धत होती, सारख्या अंतरावर सारखी गाठ. त्यात बाबांचा हात असा बसला की पुढे प्लास्टिकच्या टाय आल्या तरी त्यांनी त्यांना कधी शिवूनही बघितलं नाही. आमच्याकडे दुरुस्ती होते, चाचणी होते, मशीन गिऱ्हाइकाच्या रॅकमध्ये परत बसतं, पण बाबांनी जाऊन पाठीमागच्या केबल बांधल्याशिवाय काम संपलं असं कुणी म्हणत नाही. आणि बांधतात तरी कसं! एक केबल दुसरीवर चढलेली नाही, कुठे फुगा नाही, सगळ्या ताठ, एका बाजूला वळलेल्या. लोक फोटो काढून नेतात. दुसऱ्यांचं काम बघून मी नाक मुरडते ना, ते बाबांच्या जिवावर.

बाबांच्या त्या गाठींचा सगळ्यात मोठा भक्त म्हणजे वायरमनकाका. एका रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेची पूर्ण इमारत त्यांच्या अंगावर आहे. दिवे, पंखे, लिफ्ट, सगळं. बाबांचे जुने दोस्त. रोज सकाळी कामावर जाण्याआधी वर्कशॉपमध्ये चहाला टेकणार, चहाला नावं ठेवणार आणि दुसरा कप मागणार. त्या प्रयोगशाळेचं काम त्यांनीच आम्हाला मिळवून दिलं. तिथली सर्व्हरची खोली झाली तेव्हा भिंतीतली लाइन काकांनी टाकली आणि रॅक बाबांनी बांधला. कुणी पाहुणा आला की काका त्याला रॅकच्या मागे नेऊन दाखवायचे. "हे बघा. असं काम आता होत नाही."

तिथलाच सर्व्हर रुसला. दुपारी, ऐन कामाच्या वेळी, बसल्याजागी बंद पडायचा आणि स्वतःच परत सुरू व्हायचा. तेवढ्यात रिपोर्ट अडकायचे, खाली खिडकीपाशी पेशंटचे नातेवाईक आरडाओरडा करायचे. पडद्यावर कारण स्वच्छ लिहून यायचं, की मशीनला वीज कमी मिळते आहे. वहिनी तेव्हा आईच्या ऑपरेशनसाठी माहेरी होती. दादाने मशीन वर्कशॉपमध्ये आणलं, तपासलं, तर एकदम ठणठणीत. तरी त्याने मशीनला वीज पुरवणाऱ्या दोन पॉवर सप्लायपैकी एक बदलला. मशीन परत गेलं, काही दिवस गुण्यागोविंदाने चाललं, आणि पुन्हा पहिले पाढे. मग दुसरा सप्लाय बदलला. मग आतला मुख्य बोर्डसुद्धा. दर वेळी काही दिवस बरे जायचे आणि दर वेळी दुपारीच दगा द्यायचं. दादाने हात टेकले.

मशीनमध्ये बदलायला काही उरलंच नाही, तेव्हा खापर भिंतीवर फुटलं. भिंतीतली लाइन काकांची. तिथल्या मॅनेजरबाई वाईट नाहीत. पण त्यांनाही वर उत्तर द्यावं लागतं. त्यांनी काकांना बोलावून सांगितलं की लाइन नीट होत नसेल तर बाहेरचा माणूस आणू, तुम्ही शुक्रवारी संध्याकाळी चाव्या जमा करा.

गुरुवारी सकाळी काका आले आणि त्यांनी चहाला नावं ठेवली नाहीत.  कप हातात घेतला तर बशीवर टकटक वाजायला लागला. त्यांनी तो खाली ठेवला आणि हात टेबलाखाली नेला.

"विजेचा बोर्ड रोज उघडून बघतोय," ते बाबांना म्हणाले. "एकेक जोड घट्ट केला. काही सापडत नाही. म्हणजे काय, की मला दिसतच नाहीये. माझा हात गेला रे."

"काही गेलाबिला नाही," बाबा म्हणाले. "उगाच मनाला लावून घेतोस."

"नोकरीचं एक वेळ राहू दे. पोरं मिळवती आहेत. पण हात गेल्यावर माणसाने दिवसभर करायचं काय?"

  पेटीतून सामान काढत असलेली वहिनी मधेच बोलली. ती आदल्या संध्याकाळीच माहेरून आली होती.

"काका, उद्या दुपारी मी तिथे येते. मशीनला हात लावायचा नाही, काढायचं नाही, हलवायचं नाही. आहे तसं बघणार."

"मशीन इथे आणू की," दादा आतून ओरडला.

"इथे ते शहाण्यासारखं वागतं. ते तुम्ही बघितलंत ना बदलून बदलून? मला त्याचे घरचे रंग बघायचेत."

शुक्रवारी जेवणं आटोपून आम्ही दोघी गेलो. बारकी खोली, थंडगार हवा, मधोमध रॅक आणि कानाशी पंख्यांची घरघर. काका दाराबाहेर कॉरिडॉरमध्ये शिडी लावून पुन्हा आपला बोर्ड उघडून बसलेले. त्यांनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. कमरेला चाव्यांचा जुडगा लटकत होता. संध्याकाळी तो काढून द्यायचा होता.

वहिनीने स्टूल मांडलं आणि रॅकच्या मागे बसली. शेंगदाणे सुरू. मी घड्याळ बघतेय, बाहेर काकांच्या पकडीचा आवाज येतोय, आणि ही गाणं गुणगुणतेय. शेवटी मला राहवलं नाही.

"राणीसरकार, काही करणार का?"

"करतेच आहे. पंखे ऐकतेय."

मग ती उठली आणि मीटर काढलं. तिचं काम बघायला मला आवडतं, पण हे तिला सांगितलं तर ती डोक्यावर मिरी वाटेल, म्हणून सांगत नाही. आधी भिंतीचा सॉकेट मोजला. व्होल्टेज पुरं. मग यूपीएस, म्हणजे वीज गेली तरी मशीन चालू ठेवणारा बॅटरीचा डबा. त्यातून बाहेर पडणारंही पुरं. मग रॅकच्या कडेला लावलेली सॉकेटची लांब पट्टी, जिच्यात सर्व्हरच्या केबल खोचतात. तिथेही पुरं. सर्व्हर स्वतः आपल्याला किती व्होल्टेज मिळतंय ते पडद्यावर दाखवतो. तेही पुरं.

"सगळं छान आहे," मी म्हटलं. "झालं का? आता काकांना काय सांगायचं?"

"सगळं छान आहे, कारण मशीन आत्ता झोपा काढतंय. त्याला उठव."

तिने प्रयोगशाळेतल्या मुलीला सांगून दिवसभराच्या रिपोर्टचं सगळ्यात जड काम एकदम सुरू करायला लावलं. पंख्यांचा आवाज वर चढला. वहिनीने मीटरच्या सळ्या पट्टीच्या रिकाम्या सॉकेटमध्ये धरून ठेवल्या आणि मला पडद्यापाशी उभं केलं. "आकडा मोठ्याने वाच."

मी वाचत गेले. आणि आकडा उतरायला लागला! थोडा उतरला, सावरला, परत उतरला. मी ओरडलेच, "अगं, कमी होतंय!"

"इथे हललेलं नाही," वहिनी मीटर बघत म्हणाली. "पट्टीपर्यंत वीज भरपूर येतेय. भिंत निर्दोष. काकांची लाइन निर्दोष. चोरी इथे होतेय, पट्टी आणि मशीनच्या मधे."

पट्टी आणि मशीनच्या मधे काय असतं? हातभर केबल. बस! सप्लाय बदलला, बोर्ड बदलला, एका माणसाची झोप उडवली, आणि त्या हातभर केबलकडे कुणी ढुंकून बघितलं नव्हतं. तिने बोटांची उलटी बाजू मशीनमध्ये खोचलेल्या प्लगवर टेकवली आणि झटकन काढली. मग पिशवीतून छोटा आरसा काढून केबलच्या जुडग्यामागे धरला.

सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतात, एक गेला तर दुसऱ्याने ओझं उचलावं म्हणून. प्रत्येकावर एक दिवा असतो. आरशात एक दिवा हिरवा होता आणि दुसरा पिवळा. म्हणजे एका सप्लायला वीज मिळतच नव्हती, सगळं ओझं दुसऱ्यावर, आणि त्याचाही प्लग तापलेला. तो पिवळा दिवा खोलीत येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही दिसला असता. पण त्याच्यासमोर बाबांनी बांधलेला जुडगा होता, सुंदर, ताठ, एका बाजूला वळलेला.

मला आधी कळलं नाही. मग तिने बोट ठेवून दाखवलं. दोन्ही प्लग थोडे तिरके झाले होते. जुडगा त्यांना एका बाजूला खेचत होता. प्लग बाहेर पडलेला नव्हता, आत होता, पण पुरता टेकलेला नव्हता. काम हलकं असलं की निभायचं. काम वाढलं की त्या अर्धवट टेकलेल्या जागी वीज अडखळायची, प्लग तापायचा आणि मशीन उपाशी मरायचं. दर दुरुस्तीनंतर प्लग नव्याने घट्ट बसायचा, म्हणून काही दिवस बरे जायचे. मग पंख्यांची थरथर आणि गाठींचा ताण मिळून त्याला पुन्हा केसभर केसभर बाहेर ओढायचे.

"बाबांना फोन लाव," वहिनी म्हणाली.

"कशाला?"

"गाठ त्यांची आहे."

 मी दार लोटून घेतलं. "हे बघ, कात्री दे. मी दोन गाठी कापते, तू प्लग आत दाब. मॅनेजरबाईंना सांगू, प्लग सैल होता. काकांची नोकरी वाचली, बाबांची लाज राहिली. कुणाचं काय जातंय?"

"सैल का झाला, असं त्या विचारतील."

"झाला आपोआप!"

"आपोआप दात सैल होतात. आणि काकांना काय सांगशील? ते मान डोलावतील, आणि उद्या बोर्डासमोर उभे राहिले की पुन्हा तेच. खरंच प्लग होता, का मला वाचवायला या पोरींनी काहीतरी सांगितलं? चाव्या कमरेला राहतील गं, पण हात थरथरायचा थांबणार नाही. त्यांना अख्खं कारण पाहिजे."

"आणि बाबा? या वयात त्यांना तोंडावर सांगायचं, तेही त्यांच्या दोस्तासमोर?"

"तुला तुझ्या बापाची ओळख नाही, वकील," ती म्हणाली आणि स्टुलावर जाऊन बसली. कात्री तिच्या खिशात.

मला असा राग आला! माझा बाप, आणि ही मला त्याची ओळख सांगणार! पण फोन मी लावला.

बाबा आले ते पायऱ्या चढून धापा टाकत. वहिनीने त्यांना पाणी दिलं, पिऊ दिलं, आणि मग एवढंच म्हणाली, "बाबा, इथे हात लावा. उलटा."

बाबांनी बोटं प्लगवर टेकवली आणि मागे घेतली. तिने आरसा दिला. त्यांनी पिवळा दिवा बघितला, तिरका प्लग बघितला, आणि जुडग्यावरून अंगठा फिरवत पार टोकापर्यंत गेले. 

"एक्स्चेंजमधल्या तारा टोकाला सोल्डर केलेल्या असायच्या ना?" वहिनीने हळूच विचारलं.

"हो. कितीही ताणा, हलायच्या नाहीत." बाबांनी चष्मा काढून पुसला. "हा बिचारा नुसता खोचलेला आहे." मग म्हणाले, "मशीन दर वेळी परत आलं की मीच बांधायचो. गिऱ्हाईक नाराज आहे म्हणून जास्त जीव लावून. दर वेळी आणखी घट्ट."

मला वाटलं आता ते खाली बसतील. त्यांनी चष्मा चढवला आणि दार उघडून सरळ शिडीपाशी गेले.

"खाली उतर."

"थांब रे, एवढा एक जोड बघतो—"

"उतर म्हणतो ना! तुझ्या जोडाला काही झालेलं नाही. तुझा हात शाबूत आहे. चूक माझ्या हाताची आहे, ये, दाखवतो."

काका पकड हातात तशीच धरून खाली उतरले. मॅनेजरबाई आवाज ऐकून बाहेर आल्या, तर बाबांनी त्यांनाही तिथेच, उभ्याउभ्या, एका दमात सगळं सांगितलं. भिंतीतली लाइन उत्तम आहे, मीटरने सिद्ध झालंय, दोष माझ्या बांधणीचा आहे, तुमचा खोळंबा झाला तो माझ्यामुळे. एक शब्द कमी नाही, एक शब्द मऊ केलेला नाही. मी जन्मभर लोकांशी शब्दांनी लढते, पण इतकं सरळ वाक्य माझ्या तोंडून कधी निघालेलं नाही. वहिनी खिशात हात घालून भिंतीला टेकली होती. तिने माझ्याकडे बघितलंही नाही, आणि त्याबद्दल मी तिची ऋणी आहे.

मॅनेजरबाईंनी सगळं आत जाऊन डोळ्यांनी बघितलं, आकडा उतरताना बघितला. मग काकांकडे वळल्या. "चाव्या राहू द्या तुमच्याकडेच," त्या म्हणाल्या. "मी चुकले. चुकले मी, काका." काकांनी मान हलवली. 

बाबांनी सगळी कामं थांबवून मशीन रीतसर बंद करवून घेतलं आणि वहिनीकडे कात्री मागितली. काका एकदम पुढे झाले.

"अरे थांब! वकील, आधी फोटो काढ गं. एवढी देखणी चूक पुन्हा बघायला मिळायची नाही."

बाबा हसले. मग हसता हसता दोघांचेही डोळे भरून आले, आणि दोघंही दोन दिशांना बघायला लागले. मी फोटो काढला. जरा हललेला आला.

गाठी सुटल्या. एक प्लग करपून तपकिरी झाला होता. वहिनीने दोन्ही केबल नव्या लावल्या आणि खटकन आवाज येईपर्यंत आत दाबल्या. मशीन सुरू झालं, दोन्ही दिवे हिरवे. ते जड काम पुन्हा लावलं, पंखे पुन्हा ओरडले, आणि पडद्यावरचा आकडा जागचा हलला नाही. वहिनीने उरलेले शेंगदाणे तोंडात टाकले. "मी नसते तर," तिने सुरुवात केली. "कळलं गं," मी म्हटलं, "तू आहेस म्हणूनच." ती चक्क लाजली. मला नवीनच होतं ते.

"आता बांधा, बाबा," ती म्हणाली. "पण प्लगपाशी ढील ठेवून."

"किती?"

"मुठीएवढी."

बाबांनी मेणाचा दोरा काढला. इकडेतिकडे बघितलं, आणि काकांचा उजवा हात धरून केबलच्या वळणात घातला.

"मूठ आवळ."

"माझा नको रे, थरथरतो. या पोरीचा घे."

"तुझाच पाहिजे. आवळ."

काकांनी मूठ आवळली. बाबा त्या मुठीभोवतीने केबल वळवून गाठी मारत गेले, सारख्या अंतरावर, सारख्या, जन्मभर मारल्या तशा. काका श्वास रोखून आपल्या मनगटाकडे बघत होते.

"सूनबाई," त्यांनी विचारलं, "हलतोय का गं?"

वहिनी वाकली आणि तिच्या सवयीप्रमाणे पुरेसा वेळ घेऊन नीट बघितलं.

"नाही काका. अजिबात नाही."

बाबांनी शेवटची गाठ मारली. काकांनी हात अलगद काढून घेतला, आणि केबलमध्ये त्यांच्या मुठीएवढी जागा तशीच राहिली.